जैविक सांडपाणी प्रक्रिया: विरघळलेल्या सेंद्रिय पदार्थांचे निष्कासन

सांडपाण्यातील शर्करा, अमिनो आम्ले, मेदाम्ले, साबण असे विरघळलेले पदार्थ जाळीत अडकत नाहीत आणि तळाशीही बसत नाहीत. ते नदीत गेले की तिथले जिवाणू त्यांवर वाढतात, पाण्यातला ऑक्सिजन संपतो आणि मासे गुदमरून मरतात. जैविक प्रक्रियेत हेच विघटन टाकीत, बाहेरून हवा पुरवून, काही तासांत घडवून आणतात.

जिवाणू घाण ‘खाऊन संपवतात’ असे सर्रास म्हटले जाते. ते अर्धेच खरे आहे. लहान रेणू पेशीपटलातील वाहक प्रथिने थेट आत ओढून घेतात. स्टार्च किंवा प्रथिनांचे मोठे रेणू मात्र आत शिरू शकत नाहीत. जिवाणू बाहेरच विकरांनी त्यांचे तुकडे करतात आणि ही पायरी बहुधा सर्वांत संथ असते. आत आलेल्या अन्नाचा एक भाग ऑक्सिजनच्या साहाय्याने जळून कार्बन डायऑक्साइड व पाणी होतो. त्यातून मिळालेल्या ऊर्जेवर उरलेल्या भागाच्या नव्या पेशी बनतात. हा दुसरा भाग मुळीच किरकोळ नाही: सीओडीच्या (सेंद्रिय पदार्थांचे रासायनिक रीतीने ऑक्सिडीकरण करायला लागणारा ऑक्सिजन, म्हणजे घाणीचे एक माप) हिशेबात तो सुरुवातीला निम्म्याहून अधिक भरतो. म्हणजे विरघळलेल्या घाणीचा मोठा वाटा नाहीसा न होता घनरूप घेतो, आणि तो गाळ पाण्यातून वेगळा काढेपर्यंत काम पुरे होत नाही.

म्हणूनच जिवाणूंनी एकत्र येणे महत्त्वाचे. ते बहुशर्करा व प्रथिनांचा चिकट स्राव सोडतात आणि त्यात गुंतून पुंजके तयार होतात. हे पुंजके निवळण टाकीत खाली बसतात. सुटे राहिलेले जिवाणू व्हॉर्टिसेलासारखे आदिजीव टिपतात, त्यामुळे वरचे पाणी नितळ होते. तंतुमय जिवाणू माजले, तर गाळ फुगतो आणि बसेनासा होतो. पाण्यातले विरघळलेले अन्न उत्तम रीतीने संपलेले असूनही प्रक्रिया फसते.

बसलेला गाळ पुन्हा हवेच्या टाकीत परत आणणे, ही या पद्धतीतील खरी कल्पक गोष्ट. १९१४ साली मँचेस्टरमध्ये एडवर्ड आर्डर्न व विल्यम लॉकेट यांनी ती मांडली. पहिल्या खेपेला सांडपाणी पूर्ण शुद्ध होण्यास सुमारे पाच आठवडे हवा द्यावी लागली होती. तोच गाळ ठेवून वरचे पाणी बदलत गेल्यावर तेवढेच काम २४ तासांच्या आत होऊ लागले. अशा गाळाला त्यांनी ‘ॲक्टिव्हेटेड स्लज’, म्हणजे सक्रिय गाळ, म्हटले.

टाकीत विरघळलेला ऑक्सिजन साधारणपणे लिटरला २ मिलिग्रॅमच्या आसपास राखतात. नव्या पेशींना नायट्रोजन व फॉस्फरसही लागतात. त्यासाठी बीओडी (जिवाणूंना घाणीच्या विघटनासाठी लागणारा ऑक्सिजन), नायट्रोजन आणि फॉस्फरस यांचे १००:५:१ हे प्रमाण धरले जाते. घरगुती सांडपाण्यात ते आपसूक असते, काही कारखान्यांच्या पाण्यात मात्र युरियासारखी रसायने घालावी लागतात. ऑक्सिजनविना चालणाऱ्या प्रक्रियेत अन्नातली बरीचशी ऊर्जा मिथेनमध्ये जाते, म्हणून तिथे गाळ फारच कमी निघतो.

शुद्ध झालेल्या पाण्याचा सीओडी शून्यावर येत नाही. काही पदार्थ जिवाणूंना पचतच नाहीत. शिवाय त्यांच्या स्वतःच्या वाढीतून आणि मृत्यूतून थोडे विरघळलेले पदार्थ पाण्यात नव्याने येतात.