फिल्टर बदलला आणि मासे दगावले

निपाणीहून नात्यातल्या एका काकूंचा फोन आला. दोन-अडीच वर्षं सुरळीत चाललेला त्यांचा फिशटँक. जुन्या फिल्टरची मोटर घरघर करायला लागली, म्हणून मुलानं बेळगावहून नवा, चांगला मोठा फिल्टर आणला. जुना भंगारात गेला. हात घातलाच आहे तर म्हणून तळातली खडीही नळाखाली खळखळून धुतली. आठवडा व्हायच्या आत मासे वर येऊन तोंड उघडायला लागले. "पाणी बघ की रे, काचेगत आहे. आणि मासे मरालेत," काकू म्हणाल्या. शेजारणीनं तोवर निदानही करून टाकलं होतं: घरावर येणारं काहीतरी होतं, ते माशानं आपल्या अंगावर घेतलं.

बेळगाव, खानापूर, संकेश्वर, चिकोडी, सीमाभागात कुठंही मासे पाळणाऱ्या घरांत विचारा, ही हकीकत थोड्याफार फरकानं ऐकायला मिळते. कारणही जवळपास नेहमी तेच असतं. पाणी नितळ म्हणजे पाणी चांगलं, हा समज. डोळ्यांना दिसतो तो गाळ. माशांना मारतो तो अमोनिया, आणि पाण्यात विरघळलेल्या अमोनियाला रंग नसतो.

आपण माशाला जे खाद्य टाकतो त्यात प्रथिनं भरपूर असतात. प्रथिनांतला नायट्रोजन वापरून झाला की मासा तो अमोनियाच्या रूपानं, मुख्यतः कल्ल्यांतून, पाण्यात सोडतो. तळ्यात किंवा नदीत हे पाण्याच्या आकारमानात विरून जातं. आपल्या काचेच्या पेटीत मात्र जे सुटतं ते तिथंच राहतं. उरलेलं खाद्य आणि विष्ठा कुजून त्यात भर पडते. तरीही काकूंचा टँक दोन वर्षं चालला, कारण जुन्या फिल्टरच्या स्पंजवर त्या अमोनियाचा रोज फडशा पाडणारे जिवाणू होते. भंगारात मोटरबरोबर तेही गेले. खडीवर जे थोडे होते ते नळाच्या क्लोरिननं आणि घासण्यानं गेले.

जुना स्पंज एकदा हातात घेऊन बघा. तपकिरी, बुळबुळीत, दाबला की चहाच्या रंगाचं पाणी निघतं. पण वास घ्या. चांगल्या चाललेल्या फिल्टरच्या स्पंजला घाण येत नाही, पहिल्या पावसानंतर शेताला येतो तसा ओल्या मातीचा वास येतो. ती बुळबुळ म्हणजे जिवाणूंनी स्वतःभोवती विणलेला चिकट थर, बायोफिल्म. त्यात कडेकडेला ऑक्सिजन पोचतो, आत काही दशांश मिलिमीटर गेलं की संपतो. अमोनिया खाणारे आणि त्यांनी टाकलेलं नायट्राइट खाऊन त्याचं नायट्रेट करणारे तिथं एकमेकांना खेटून राहतात. बाजारातून आणलेल्या पांढऱ्याशुभ्र स्पंजवर यातलं काहीच नसतं. मोटर कितीही दमदार असो, तो स्पंज फक्त गाळणी असतो, आणि म्हणूनच पाणी काचेगत दिसतं.

ही गोष्ट विज्ञानाला कशी कळली ते मला फार आवडतं. १८७७ साली श्लेसिंग आणि म्युंत्स या दोन फ्रेंच शास्त्रज्ञांनी एका लांब नळीत वाळू आणि चुनखडी भरली आणि वरून गटाराचं पाणी अगदी सावकाश झिरपवत ठेवलं. पहिले वीसेक दिवस अमोनिया जसा वर घातला तसाच खालून बाहेर येत राहिला. मग नायट्रेट दिसू लागलं आणि अमोनिया नाहीसा झाला. ही नुसती रासायनिक क्रिया असती तर ती पहिल्याच दिवशी सुरू व्हायला हवी होती, वीस दिवस कशाची वाट बघत बसली? त्यांनी नळीत सजीवांना बधिर करणाऱ्या क्लोरोफॉर्मची वाफ सोडली. क्रिया थांबली. क्लोरोफॉर्म काढून मातीचं थोडं पाणी घातलं, तर काही काळानं पुन्हा सुरू झाली. म्हणजे काम करणारं काहीतरी जिवंत होतं, आणि ते वाढायला वेळ घेत होतं. दीडशे वर्षांपूर्वीचा हा प्रयोग आज प्रत्येक नवा फिल्टर पुन्हा करून दाखवतो, आणि ते वीस दिवस मासे भोगतात.

१८९० च्या सुमारास सर्गेई विनोग्राद्स्की यांनी हे जिवाणू वेगळे काढले आणि दाखवलं की ते साखर, पिष्ट, प्रथिनं काही खात नाहीत. त्यांचं इंधन अमोनिया, आणि शरीर बांधायला लागणारा कार्बन ते झाडांसारखा कार्बन डायऑक्साइडमधून घेतात. फरक एवढाच की झाडाला त्यासाठी ऊन असतं आणि यांचा कारभार अंधारात चालतो.

इथं जरा खोलात जातो, कारण नवा फिल्टर कामाला लागायला महिनाभर का जातो याचं उत्तर याच पायरीत आहे. जिवाणू आधी अमोनियाच्या रेणूत ऑक्सिजनचा एक अणू घुसवतो आणि हायड्रॉक्सिलअमाइन तयार करतो. या कामाला त्याला गाठचे दोन इलेक्ट्रॉन खर्च करावे लागतात. पुढच्या टप्प्यात हायड्रॉक्सिलअमाइनचं नायट्राइट होतं आणि चार इलेक्ट्रॉन सुटतात. चारातले दोन पहिल्या टप्प्याची उधारी फेडायला परत जातात. हाती उरले दोन. त्यातले बहुतेक ऑक्सिजनकडे पाठवून ऊर्जा मिळवायची, आणि त्याच ऊर्जेतली काही खर्चून उरलेले इलेक्ट्रॉन चढावर ढकलायचे, कारण कार्बन डायऑक्साइडपासून साखर बनवायला जास्त ताकदीचे इलेक्ट्रॉन लागतात आणि अमोनियातून सुटलेले तेवढ्या ताकदीचे नसतात. आकड्यांत बोलायचं तर एक मोल (रेणू मोजायचं ठरावीक माप) अमोनियाचं नायट्राइट होताना सुमारे २७५ किलोज्यूल ऊर्जा सुटते. एक मोल ग्लुकोज पूर्ण जळताना सुटते जवळपास २,८७० किलोज्यूल. दुसऱ्या टोळीची, म्हणजे नायट्राइटचं नायट्रेट करणाऱ्यांची, अवस्था तर आणखी बिकट: मोलमागे जेमतेम ७५ किलोज्यूल. एवढ्या तुटपुंज्या कमाईतली बरीचशी कार्बन बांधण्यात जाते. वाढीला उरतं काय?

म्हणून यांची वाढ संथ. विरजणाचा चमचा रात्री दुधात घातला की सकाळी दही मिळतं, कारण ते जिवाणू साखरेवर जगतात आणि भराभर दुप्पट होतात. अमोनियावाल्यांना दुप्पट व्हायला परिस्थिती उत्तम असेल तर आठ-दहा तास, एरवी दिवस किंवा त्याहून जास्त. दिवसाला एक दुप्पट धरा. नव्या फिल्टरवर गरजेच्या हजारावा हिस्सा जिवाणू आले, तर पुरेसे व्हायला दहा वेळा दुप्पट व्हावं लागेल, म्हणजे दहा दिवस. ते कामाला लागले की नायट्राइट साठू लागतं, आणि तेव्हा कुठं दुसऱ्या टोळीला खायला मिळतं, तिचे दिवस पुढे मोजायचे. म्हणून एकूण हिशेब तीन ते सहा आठवड्यांवर जातो. बेळगावच्या डिसेंबर-जानेवारीतल्या गार रात्रींत, टँकला हीटर नसेल तर, त्याहूनही लांबतो.

या मधल्या काळात माशांवर दोन वार होतात. पहिला अमोनियाचा, कल्ल्यांवर. दुसरा नायट्राइटचा. ते कल्ल्यांतून रक्तात शिरतं आणि हिमोग्लोबिनचं अशा रूपात रूपांतर करतं की त्याला ऑक्सिजन वाहता येत नाही. रक्त तपकिरी पडतं. पाण्यात ऑक्सिजन भरपूर असतानाही मासा गुदमरतो. लोक एअर पंप वाढवतात, तो वाढवावाही, पण त्यानं मूळ दुखणं जात नाही.

आता आपल्या भागाचा मुद्दा. पाण्यातला अमोनिया दोन रूपांत असतो: जहाल अमोनिया आणि त्यामानानं निरुपद्रवी अमोनियम. कुठलं किती हे मुख्यतः पीएचवर, म्हणजे पाणी किती आम्ल की अल्क हे सांगणाऱ्या आकड्यावर, ठरतं. २५ अंश तापमानाला पीएच ७ असेल तर जहाल भाग साधारण अर्धा टक्का, पीएच ८ झाला की पाच टक्क्यांवर. म्हणजे लिटरला १ मिलिग्रॅम अमोनिया दोन घरांच्या टँकमध्ये असेल, तर एका घरात मासे रेटून नेतील आणि दुसऱ्या घरात जळजळीनं तडफडतील. खानापूर-बेळगावच्या बाजूचं, सह्याद्रीच्या पावसाचं आणि जांभ्या खडकातून आलेलं पाणी बहुधा मऊ, म्हणजे कमी क्षारांचं असतं. पूर्वेला काळ्या मातीच्या अथणी-रायबागकडचं बोअरचं पाणी क्षारांचं, आणि म्हणून बहुधा जास्त पीएचचं. तिकडं अमोनिया लवकर मारतो. पण मऊ पाण्यावाल्यांनी निश्चिंत राहू नये. अमोनियाचं नायट्राइट होताना आम्ल तयार होतं, आणि ते शोषून घेणारे क्षार पाण्यात कमी असले तर पीएच घसरत जातो. फार घसरला की हेच जिवाणू काम मंदावतात.

हे जिवाणू आपल्याला परके नाहीत. उसाला युरिया टाकल्यावर मातीत त्याचा आधी अमोनिया होतो, आणि त्या अमोनियाचं पुढे नायट्रेट होतं ते यांच्याच भाऊबंदांमुळे. युरियाला कडुनिंबाचं तेल लावलेलं असतं ते या जिवाणूंचा वेग कमी करायला, म्हणजे नायट्रेट पाण्याबरोबर वाहून जाण्याआधी पिकाच्या हाती लागतं. शेतात आपण ज्यांना आवर घालतो, त्यांनाच टँकमध्ये जपायचं आहे.

आणि या विषयात मत्स्यालयांनी शास्त्रज्ञांना बरंच शिकवलं. नायट्राइट खाणारा म्हणून पाठ्यपुस्तकांत वर्षानुवर्षं नायट्रोबॅक्टरचं नाव छापलं गेलं. १९९० च्या दशकात गोड्या पाण्याच्या फिल्टरांत शोधलं तर तिथं नायट्रोस्पायरा नावाचे दुसरेच जिवाणू काम करत होते. २००५ साली अमोनिया खाणारा, जिवाणूंहून वेगळ्याच कुळातला, म्हणजे आर्किया गटातला सूक्ष्मजीव पहिल्यांदा शुद्ध रूपात वाढवला गेला, तो अमेरिकेतल्या सिएटल मत्स्यालयाच्या टाकीतल्या खडीवरून मिळाला होता. २०१५ साली दोन गटांनी दाखवलं की काही नायट्रोस्पायरा दोन्ही टप्पे एकटेच पार पाडतात. त्यातला एक नमुना मत्स्यपालनाच्या फिल्टरमधला होता.

मग फिल्टर बदलायचा कसा? जुना चालू ठेवा आणि नवा त्याच टँकमध्ये शेजारी लावा. दोन्ही महिनाभर बरोबर चालू द्या. जागा नसेल तर जुन्याचा स्पंज किंवा सिरॅमिकच्या रिंगा काढून नव्यात बसवा, कापून कोंबावं लागलं तरी चालेल. नीटनेटकेपणा इथं महत्त्वाचा नाही. स्थलांतर करताना स्पंज वाळू देऊ नका, आणि धुवायचाच झाला तर टँकमधून काढलेल्या पाण्यात बादलीत हलका पिळा, नळाखाली नव्हे. जुनं पाणी जपून ठेवण्याला मात्र फारसा अर्थ नाही. हे जिवाणू पृष्ठभागाला धरून राहतात, पाण्यात त्यांची संख्या किरकोळ असते. म्हणून पाणी बदलताना घाबरायचं कारण नाही, फक्त नळाचं ताजं पाणी असेल तर आधी क्लोरिन घालवा.

दुकानातल्या बाटलीबंद बॅक्टेरियाबद्दल विचारतात. हे जिवाणू बीजाणू, म्हणजे उपासमारीतही तग धरणारं कवचबंद रूप, करत नाहीत, त्यामुळे उन्हाच्या कपाटात महिनोन् महिने पडलेल्या बाटलीत ते जिवंत असतील यावर विश्वास ठेवणं अवघड आहे. कित्येक बाटल्यांत दुसरेच जिवाणू असतात, जे गाळ कुजवतात पण अमोनियाला हात लावत नाहीत. जिवंत नायट्रोस्पायरा असलेली, थंड ठेवलेली ताजी बाटली उपयोगी पडू शकते. पण "एका रात्रीत टँक तयार" असं लिहिलेलं दिसलं तर पैसे खिशात ठेवा आणि ओळखीच्या कुणाच्या तरी निरोगी टँकमधला स्पंजाचा तुकडा मागून आणा. तोच फुकटात जास्त काम करतो.

काकूंसारखी वेळ आलीच, जुना फिल्टर हातचा गेला, तर खाद्य दिवसाआड आणि चिमूटभर करा. रोज चौथाई पाणी बदला. अमोनिया आणि नायट्राइट तपासायचा किट घ्या. अमोनियाच्या नळीतलं पाणी पिवळं राहिलं तर ठीक, हिरवट झालं की त्या दिवशी जास्त पाणी बदला. नायट्राइट चढत असेल तर दहा लिटरला एक ग्रॅम साधं मीठ विरघळवून घाला. मिठातलं क्लोराइड कल्ल्यांत नायट्राइटची वाट अडवतं. काकूंचे उरलेले मासे या मार्गानं तगले.

माशानं संकट घेतलं या समजुतीवर माझा राग आहे तो एवढ्यासाठी की ती पुढचा प्रश्नच बंद करते. मासा मेला, संकट टळलं, नवा मासा आणला, तोही मेला. फेंगशुईच्या नावानं फ्लॉवरहॉर्न आणि अरोवाना विकत घेणाऱ्या घरांत हे चक्र मी पाहिलं आहे, आणि हे मोठे, भरपूर खाणारे मासे तर अमोनियाही तितकाच जास्त सोडतात.

दोन फिल्टर बरोबर चालवून महिना झाला की जुना काढायच्या दिवशी एक करा. त्याची मोटर बंद करा, पण त्याचा स्पंज लगेच टाकू नका, तसाच टँकच्या पाण्यात, नव्या फिल्टरच्या प्रवाहासमोर राहू द्या. पुढचे तीन-चार दिवस अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही तपासा. दोन्ही शून्य राहिले तर तो काढून घ्या. एकही वर गेला तर जुना फिल्टर परत सुरू करा आणि आणखी पंधरा दिवस थांबा.