पांढरा उपवास, काळा उपवास

योम किपूर आणि तिशा बआव या ज्यूंच्या दोन उपवासांची गल्लत होते, कारण बाहेरून दोन्ही सारखेच दिसतात. ज्यू कॅलेंडरमध्ये आदल्या सूर्यास्तापासून दुसऱ्या दिवशी चांदण्या दिसेपर्यंत, म्हणजे जवळपास २५ तास चालणारे निर्जळी उपवास हे दोनच. बाकीचे पहाटेपासून अंधार पडेपर्यंतचे. अन्नपाणी, आंघोळ, अंगाला तेल लावणं, चामड्याचे जोडे आणि नवराबायकोची जवळीक, हे पाचही या दोन्ही दिवशी वर्ज्य.

आपल्या कोकणातल्या बेने इस्राएली ज्यूंनी मात्र नावातच फरक करून ठेवला होता. योम किपूर म्हणजे ‘दारफाळणीचा सण’, दारं लावून घ्यायचा दिवस. तिशा बआव म्हणजे ‘बिरड्याचा सण’, मोड आलेल्या वालांच्या बिरड्यावरून पडलेलं नाव.

योम किपूर तिशरी महिन्याच्या दहाव्या दिवशी येतो. त्याचा हुकूम थेट तोरात, म्हणजे मोशेच्या पाच ग्रंथांत, आहे. तो शनिवारी, शब्बाथला आला तरी पाळतात. त्या दिवशी काम बंद, पांढरे कपडे, वर्षभराच्या चुकांचा हिशेब. पण तो रडण्याचा दिवस नाही. मिश्ना, म्हणजे रब्बींच्या जुन्या नियमांचा संग्रह, सांगते की इस्राएलला आवच्या पंधराव्या दिवसाइतके आणि योम किपूरइतके आनंदाचे दिवस दुसरे नव्हते. जेरुसलेमच्या मुली पांढरे कपडे घालून द्राक्षमळ्यांत नाचत. कपडे एकमेकींकडून उसने घेतलेले, कारण जिच्याकडे नाहीत तिला खाली बघावं लागू नये. मी देव मानत नाही, तरी या उसन्या कपड्यांपाशी दर वेळी थांबतो. मिश्नातला दुसरा नियमही तसाच: माणसाचा माणसाकडून झालेला अपराध योम किपूर धुऊन काढत नाही, आधी त्या माणसाची समजूत काढावी लागते. एवढा भाग देवाशिवायही तसाच्या तसा उभा राहतो.

तिशा बआव म्हणजे आव महिन्याची नववी तारीख. इथे माफी मागायची नसते, शोक करायचा असतो. जेरुसलेमचं पहिलं मंदिर बाबिलोन्यांनी इ.स.पू. ५८६च्या सुमारास पाडलं, दुसरं रोमनांनी इ.स. ७० मध्ये. लोक दिवे मंद करून जमिनीवर बसतात आणि विलापगीत वाचतात. कुणी कुणाला नमस्कार-चमत्कार करत नाही. तोराचा अभ्याससुद्धा बंद, कारण त्याने मन रमतं. हा दिवस शनिवारी आला तर उपवास रविवारवर जातो.

तारखेचं बघा. बायबलमधल्या राजांच्या दुसऱ्या ग्रंथात पहिलं मंदिर आवच्या सातव्या दिवशी जळाल्याची नोंद आहे, यिर्मयाच्या ग्रंथात दहाव्या. तलमूदच्या, म्हणजे मिश्नावरच्या चर्चेच्या ग्रंथाच्या, पंडितांनी मेळ घातला: शत्रू सातव्याला आत शिरले, नवव्याच्या संध्याकाळी आग लावली, दहाव्याला ती जळत राहिली. मिश्नाने याच दिवशी बेतार शहर रोमनांच्या हाती पडल्याचंही सांगितलं. माझ्या मते हा दैवी योगायोग नव्हे. समाजाने आपली दुःखं मुद्दाम एका जागी आणून ठेवली, म्हणजे ती एकत्र सोसता येतील.

आणि मसीहाच्या, म्हणजे ज्यू ज्याची वाट पाहतात त्या तारणहाराच्या, लोककथा चिकटल्या त्या माफीच्या दिवसाला नव्हे, या काळ्या दिवसाला. जेरुसलेम तलमूदात एक गोष्ट आहे. एक ज्यू शेत नांगरत असतो. त्याचा बैल हंबरतो. वाटेने जाणारा अरब म्हणतो, बैल सोड, तुमचं मंदिर पडलं. बैल पुन्हा हंबरतो. अरब म्हणतो, बैल जुंप, तुमचा मसीहा जन्मला. नाव मेनाहेम, गाव बेथलेहेम. शेतकरी बैल-नांगर विकतो आणि बाळांची दुपटी घेऊन गावोगाव फिरू लागतो. सगळ्या बायका दुपटी घेतात. मेनाहेमची आई घेत नाही. हा जन्मला त्याच दिवशी मंदिर पडलं, याचा तिला राग आहे. तो म्हणतो, घे, पैसे मागाहून दे. परत येतो तेव्हा ती सांगते, वावटळ आली आणि बाळाला घेऊन गेली. आशा जन्मते आणि हातातून निसटते, आणि सांगणाऱ्याने ते लपवलेलं नाही, म्हणून ही गोष्ट मला खरी वाटते.

पुढे माणसांनी ती जगूनही पाहिली. इ.स. १३२च्या रोमविरोधी उठावात रब्बी अकिवाने उठावाचा नेता बार कोखबाला मसीहा म्हटलं. एक सहकारी त्याला म्हणाला, अकिवा, तुझ्या गालांवर गवत उगवेल, तरी दाविदाचा पुत्र, म्हणजे मसीहा, आलेला नसेल. स्मर्नाचा (आजचं तुर्कस्तानातलं इझमिर) शब्बताय झ्वी स्वतःला मसीहा म्हणवत असे; तो १६२६ च्या तिशा बआवला जन्मल्याचं सांगितलं जाई. १६६६ मध्ये त्याने याच शोकदिवसाचा सण केला, आणि सप्टेंबरात ओटोमन सुलतानासमोर इस्लाम स्वीकारला. भरवसा टाकलेल्या हजारो घरांचं काय झालं असेल, हा विचार मला अजून सोडत नाही.

तरी काही सेफार्दी, म्हणजे मूळच्या स्पेनकडच्या ज्यू, घरांत तिशा बआवची दुपार उलटली की बायका जमिनीवरून उठत आणि केरसुणी घेत. उपवास चालूच असे. मसीहा आलाच तर घर झाडलेलं असावं म्हणून.