ब्रिटनमध्ये खासगी उपचारासाठी व्हिसा: आधी डॉक्टरांचं पत्र, मग फॉर्म

ब्रिटनला उपचारासाठी जायचं तर ‘मेडिकल व्हिसा’ असा वेगळा अर्ज शोधत बसू नका. नातेवाइकांना भेटायला किंवा फिरायला जाणारे ज्या ‘स्टँडर्ड व्हिजिटर’ व्हिसावर जातात, त्यातच खासगी उपचार हे कारण मान्य आहे. मुक्काम ६ महिन्यांच्या आत असेल तर नेहमीचा व्हिजिटर व्हिसा पुरतो. उपचार त्याहून लांबणार असतील तर ११ महिन्यांचा घ्यावा लागतो. एप्रिल २०२५ मध्ये या दोन्हींचं शुल्क अनुक्रमे १२७ आणि २२० पौंड झालं. हे दर वरचेवर बदलतात, म्हणून पैसे भरण्याच्या दिवशी ब्रिटिश सरकारच्या संकेतस्थळावरचा आकडा पाहा.

सगळा अर्ज उभा असतो तो तिथल्या डॉक्टरांच्या पत्रावर. कोणत्या आजारासाठी सल्ला किंवा उपचार हवेत, अंदाजे खर्च किती, किती काळ लागेल आणि कुठे होणार, हे सगळं त्यात असायलाच हवं. उपचारांना शेवट असला पाहिजे, ही नियमातलीच अट आहे. आयुष्यभर चालणारं डायलिसिस या व्हिसात बसत नाही. नुसता सल्ला घ्यायला जात असाल तरी चालतं, पण मग त्या सल्ल्याचा आणि तपासण्यांचा खर्च व दिवस लिहून आणा.

हॉस्पिटलकडून पहिल्यांदा येणारं ईमेल बहुधा अपॉइंटमेंटचं असतं. त्यात तारीख आणि डॉक्टरांचं नाव असतं, खर्च नसतो. तेवढ्यावर अर्ज करू नका. लेटरहेडवर, सहीचं पत्र मागा. चांगलं पत्र साधारण असं असतं: निदान अमुक, शस्त्रक्रिया १२ मे रोजी, हॉस्पिटलात ८ रात्री, पुढच्या ४ आठवड्यांत ३ फेरतपासण्या, अंदाजे खर्च ३८,००० पौंड, त्यात आयसीयू धरलेलं, घरी न्यायची औषधं वेगळी. हॉस्पिटल, सर्जन आणि भूलतज्ज्ञ यांची बिलं तिथे वेगवेगळी येऊ शकतात, तेव्हा आकड्यात कोणाकोणाचं धरलंय हे आधीच विचारून घ्या. डॉक्टरांचं नाव जनरल मेडिकल कौन्सिलच्या ऑनलाइन नोंदवहीत कोणालाही पाहता येतं. तुम्हीही पाहा.

रुग्णाचं नाव पासपोर्टप्रमाणेच लिहायला सांगा. आपल्याकडे मधलं नाव वडिलांचं किंवा नवऱ्याचं, जुने रिपोर्ट माहेरच्या नावाने, आधारवर तिसरंच स्पेलिंग, हे घरोघरी आहे. फरक असेल तर विवाह नोंदणीचा दाखला किंवा राजपत्रातली नावबदलाची नोंद जोडा.

११ महिन्यांच्या व्हिसाला आणखी दोन कागद लागतात. उपचार ६ महिन्यांपेक्षा जास्त पण ११ महिन्यांच्या आत होतील असं डॉक्टरांनी लिहून द्यावं लागतं, शिवाय क्षयरोग नसल्याचं प्रमाणपत्र लागतं. ही तपासणी ब्रिटनच्या गृहखात्याने मान्य केलेल्या क्लिनिकमध्येच करायची; शेजारच्या लॅबमधला छातीचा एक्स-रे कितीही स्वच्छ असला तरी चालत नाही. प्रमाणपत्र ६ महिनेच चालतं, त्यामुळे फार आधीही काढू नका.

पैसे कसे दाखवायचे

उपचार, राहणं, खाणं आणि परतीचा प्रवास, सगळ्याला पुरतील इतके पैसे दाखवावे लागतात. बँकेचे ६ महिन्यांचे उतारे, आयकर विवरणपत्रं, पगाराच्या स्लिपा किंवा धंद्याचे कागद द्या. अर्ज नाकारण्याचं हमखास कारण म्हणजे अर्जाच्या आठवड्यात खात्यात आलेले १५-२० लाख. ठेव मोडली असेल तर ती मोडल्याची पावती, जमीन विकली असेल तर खरेदीखत, भावाने दिले असतील तर त्याचं पत्र आणि त्याच्या खात्याचा उतारा सोबत हवा. दुसऱ्याने खर्च करायला हरकत नाही, फक्त नातं खरं आहे आणि त्याला तो झेपतो हे दिसलं पाहिजे.

सातबारा, आठ-अ, पतसंस्थेच्या पावत्या मराठीत असतात, त्यांचं इंग्रजी भाषांतर लागतं. भाषांतर अचूक असल्याचं निवेदन, तारीख, भाषांतरकाराचं नाव, सही आणि संपर्क, यातलं काहीही गाळू नका.

पैसे पाठवण्याचंही आधीच ठरवा. रिझर्व्ह बँकेच्या एलआरएस (परदेशी पैसे पाठवण्याच्या) योजनेत एका आर्थिक वर्षात माणशी २,५०,००० डॉलरपर्यंत पाठवता येतात. उपचाराचा खर्च त्याहून जास्त असेल तर डॉक्टरांच्या किंवा हॉस्पिटलच्या अंदाजपत्रकावर बँक जादा रक्कमही सोडते. बँकेत हेतू ‘वैद्यकीय उपचारासाठी प्रवास’ असाच लिहा. या हेतूला टीसीएसचा (पैसे पाठवतानाच बँक वसूल करते त्या आगाऊ कराचा) दर कमी आहे, आणि १ एप्रिल २०२५ पासून वर्षाला १० लाख रुपयांपर्यंत तो लागतच नाही.

अर्ज आणि सोबतचा माणूस

प्रवासाच्या जास्तीत जास्त ३ महिने आधी ऑनलाइन अर्ज करता येतो. शुल्क भरून व्हीएफएसच्या (व्हिसाचे अर्ज स्वीकारणाऱ्या कंपनीच्या) केंद्रात बोटांचे ठसे आणि फोटो द्यायचे. मुंबई, पुणे आणि गोव्यात केंद्रं आहेत. निर्णयाला साधारण ३ आठवडे लागतात. जादा पैसे भरून प्राधान्य सेवा मिळते, पण शस्त्रक्रियेची तारीख तिच्या भरवशावर ठरवू नका.

सोबत जाणाऱ्याला स्वतःचा व्हिसा लागतो. रुग्णाच्या अर्जात त्याचं नाव घातलं की झालं, असं नाही. त्याने स्वतंत्र अर्ज करून रुग्णाच्या पत्राची प्रत आणि नात्याचा पुरावा जोडायचा. दोघांच्या तारखा जुळल्या पाहिजेत. नोकरी करत असेल तर रजा मंजुरीचं पत्र, मागे मुलं किंवा आईवडील असतील तर तेही लिहावं, कारण उपचारानंतर परत येणार हे दोघांनाही दाखवावं लागतं. अवयव देणाऱ्या नातेवाइकासाठी नियम वेगळे आहेत. दाता जुळतो किंवा पुढच्या तपासण्या चालू आहेत, असं पत्र त्याला स्वतंत्र लागतं.

या व्हिसावर एनएचएसचे, म्हणजे ब्रिटनच्या सरकारी आरोग्यसेवेचे, उपचार फुकट नसतात. तिथे ५०० पौंड किंवा जास्त बिल थकलं तर पुढचा व्हिसा त्यावरून नाकारला जाऊ शकतो. म्हणून शस्त्रक्रियेनंतर गुंतागुंत झाली तर कुठे नेणार आणि खर्च कोण करणार, हे हॉस्पिटलला आधीच विचारून घ्या.

उपचार लांबले तर व्हिसा संपायच्या आत ब्रिटनमधूनच ६ महिन्यांची मुदतवाढ मागता येते. त्यासाठी तज्ज्ञ डॉक्टरांचं नवं पत्र आणि आतापर्यंतची बिलं भरल्याच्या पावत्या लागतात, तेव्हा प्रत्येक पावती पहिल्या दिवसापासून एका फाइलमध्ये ठेवा. अर्ज नाकारला गेला तर अपील सहसा करता येत नाही आणि शुल्कही परत मिळत नाही. नाकारण्याच्या पत्रात नेमकं कारण दिलेलं असतं. ते दूर करून नवा अर्ज करता येतो. तोच संच पुन्हा पाठवला तर तेच उत्तर येतं.