साडेचारशे ग्रॅमचा थंडावा

मे महिन्यात दुपारी अडीचला सोलापुरातल्या सात रस्त्याच्या सिग्नलवर काचा वर करून थांबायचं आणि एसीतून गरम वारा यायचा, हे ज्यानं भोगलंय त्याला जास्त सांगायला नको. आमची छोटी गाडी २००५ची. गेली तीन वर्षं दर उन्हाळ्यात कुणी ना कुणी तिच्यात 'गॅस मारून' देत होतं. पाडव्याला भरलेला गॅस आषाढीपर्यंत गायब. यंदा होटगी रोडकडच्या एका वयस्कर मेकॅनिककडे गेलो. बॉनेट उघडायच्या आधीच मामांनी विचारलं, "मागच्या वेळी किती ग्रॅम भरला होता?" मी गप्प. "वजनच केलं नाही? मग भरलं काय ओ सर, अंदाज?"

'गॅस संपला' असं आपण म्हणतो, पण तो पेट्रोलसारखा खर्च होणारा पदार्थच नाही. बंद नळ्यांमधून तोच तो गॅस गोल फिरत राहतो. घरातला फ्रिज पंधरा वर्षं चालतो, त्यात कोण दरवर्षी गॅस भरतं? फ्रिजचा कॉम्प्रेसर आणि त्याची मोटर एकाच लोखंडी डब्यात कायमची बंद असते, नळ्यांचे सांधे झाळलेले असतात. गाडीत तसं करता येत नाही. तिथला कॉम्प्रेसर इंजिनच्या पट्ट्यावर फिरतो, म्हणजे त्याचा दांडा बाहेर काढावा लागतो आणि दांड्याभोवती सील बसवावं लागतं. इंजिन सतत थरथरतं, म्हणून काही नळ्या रबरी ठेवाव्या लागतात. प्रत्येक सांध्यात एक ओ-रिंग, म्हणजे गळती अडवणारी रबरी कडी. वीस वर्षांच्या गाडीत यातलं काहीतरी दमणारच.

थंडावा येतो कुठून, हे सोलापूरकराला माठ पाहून ठाऊक आहे. पाण्याची वाफ होताना ती उष्णता ओढून घेते. एसीतही तेच घडतं, फक्त पाण्याच्या जागी असा पदार्थ असतो की जो मोकळ्या हवेत उणे २६ अंशांनाच उकळतो. त्याचं नाव आर-१३४ए. डॅशबोर्डमागच्या कूलिंग कॉइलमध्ये दाब कमी असतो, तिथे तो उकळतो आणि आतल्या हवेतली उष्णता शोषतो. मग कॉम्प्रेसर त्याची वाफ दाबून गरम करतो आणि रेडिएटरच्या पुढच्या कंडेन्सरमध्ये ढकलतो. बाहेर ४२ अंश असताना तिथे उष्णता सोडायची, तर गॅस बाहेरच्या हवेपेक्षा गरम असायला हवा. तो साठेक अंशांना पुन्हा द्रव व्हायचा असेल, तर दाब सव्वादोनशे पीएसआयच्या पुढे न्यावा लागतो. आपल्याकडच्या मे महिन्यात बिचाऱ्या कॉम्प्रेसरचा जीव तिथेच जातो. त्यातल्या त्यात बरं म्हणजे इथली हवा कोरडी. मुंबईत एसीचा बराच दम हवेतल्या बाष्पाचं पाणी करण्यात जातो. तिकडे गाडीखाली पाण्याची धार लागते, इथे उन्हाळ्यात दोन-चार थेंब.

आता खरी गंमत वजनाची. मामांनी इंजिन बंद असतानाच गेज लावला. दोन्ही काटे १३० पीएसआयच्या आसपास. "दाब तर बरोबर दिसतोय," मी म्हणालो. ते हसले. स्वयंपाकघरातला सिलिंडर आठवा. भरलेला असो की अर्धा, शेगडीची ज्योत जवळजवळ तशीच. संपत आला की मगच मंदावते. आत थोडा जरी द्रव शिल्लक असला, तरी वाफेचा दाब ठरतो तो तापमानावर, किती माल उरलाय त्यावर नाही. गाडीत ४५० ग्रॅम असो वा ३००, चाळीस अंशांना बंद गाडीचा काटा तेच सांगणार. म्हणून सिलिंडर घेताना आपण काट्यावर तोलून घेतो, आणि म्हणूनच मामांच्या गॅसच्या टाकीखाली वजनकाटा होता. बॉनेटच्या आतल्या स्टिकरवर किती ग्रॅम ते छापलेलं असतं. आमच्या गाडीचे ४५०.

कमी भरलं तर कूलिंग कमी, हे कळतं. पण जास्त भरलं तरी कूलिंग कमीच होतं, हे कुणी पटवून घेत नाही. कंडेन्सरमध्ये द्रव साचतो, वाफ निववायला जागा उरत नाही, दाब चढतो, कॉम्प्रेसर कण्हायला लागतो. 'थोडा जास्तच मारा' म्हणणारे आम्हीच. उलट गॅस फार कमी झाला, तर त्याच्यासोबत फिरणारं वंगण तेल कॉम्प्रेसरपर्यंत परत येत नाही आणि तो जाम होतो. मग खर्च गाडीच्या किमतीकडे बघून हसतो.

उरलेला गॅस मामांनी मशीनमध्ये ओढून घेतला आणि नळ्यांत दाबानं नायट्रोजन सोडला. मग ब्रशनं साबणाचा फेस सांध्यांवर लावत गेले. कंडेन्सरच्या वरच्या सांध्याला तेलकट, धुळीनं काळा झालेला डाग होता. तिथे एक बारीक फुगा आला, फुटला, पुन्हा आला. तीन वर्षांचा गॅस या फुग्यातून गेला होता.

सांधा दुरुस्त झाल्यावर व्हॅक्यूम पंप लावला. नळ्यांत शिरलेली हवा आणि ओल काढायला. ओल राहिली तर कूलिंग कॉइलच्या आधी द्रवाचा दाब उतरवणाऱ्या एक्स्पान्शन व्हॉल्व्हच्या बारीक तोंडाशी बर्फ धरतो, शिवाय तेलात आम्ल तयार होतं. गॅरेजमध्ये चाळीस अंश होते, आणि त्या तापमानाला पाणी उकळायला दाब बाहेरच्या हवेच्या साधारण तेराव्या हिश्श्यावर आणला की पुरतो. म्हणजे ज्या उकाड्याला आपण शिव्या घालतो, तोच नळ्या वाळवायला कामी येतो. व्हॅक्यूमचा काटा पाऱ्याच्या २८ इंचांवर थांबला. पुस्तकात ३० असतात, पण आपलं शहर समुद्रसपाटीपासून साडेचारशे मीटरच्या वर. इथली हवाच तेवढ्या वजनाची नाही. पंप बंद करून मामांनी चहा मागवला. चहा संपेपर्यंत काटा हलला नाही.

जुना गॅस त्यांनी हवेत सोडला नाही, याचं मला जास्त कौतुक वाटलं. आधीच्या काळातल्या गाड्यांत आर-१२ असायचा. त्यातल्या क्लोरीननं ओझोनचा थर खाल्ला जातो, हे मोलिना आणि रोलंड या रसायनशास्त्रज्ञांनी १९७४ मध्ये मांडलं. १९८७ मध्ये माँट्रियल करार झाला आणि आर-१२ मागे पडला. आर-१३४ए ओझोनला हात लावत नाही, पण शंभर वर्षांच्या हिशेबात त्याचा एक किलो सुमारे १४०० किलो कार्बन डायऑक्साइडइतकी उष्णता अडवतो. आमच्या गाडीतले ४५० ग्रॅम उडाले की जवळपास २८० लिटर पेट्रोल जाळल्यासारखं. लिटरला पंधरा किलोमीटर धरले तर आठ वेळा पुण्याला जाऊन यायचं. आणि हे आम्ही तीन वर्षं जागेवर बसून केलं.

काट्यावर ४५० ग्रॅम मोजून गॅस आत गेला. डॅशबोर्डवरच्या एसीच्या जाळीत खोचलेला थर्मामीटर खाली खाली येत नऊ अंशांवर थांबला. निघताना मामांनी जुनी ओ-रिंग माझ्या हातावर ठेवली. नवी होती तेव्हा गोल आणि मऊ असणार. आता चपटी, चिंचोक्यासारखी टणक. नख रुतेना.