झिजलेला चांदीचा रुपया आणि गोठवलेला सन

चांदीचा जुना रुपया हातात आला की आधी सन शोधला जातो, आणि नेमका तोच झिजलेला असतो. ईस्ट इंडिया कंपनीच्या आणि राणी व्हिक्टोरियाच्या रुपयावर तो वाचता आला तरी फसवतो. १८३५ चा रुपया १८४० पर्यंत, १८४० चा १८६२ पर्यंत आणि १८६२ चा थेट १८७४ पर्यंत त्याच आकड्यानिशी पाडला जात होता.

यामागे सराफांचा बट्टा आहे. मोगली रुपयावर बादशहाच्या राजवटीचे वर्ष असे. चालू वर्षाचा सिक्का पूर्ण भावाने चाले. वर्ष उलटले की वजन भरत असले तरी सराफ बट्टा कापत. कंपनीने बंगालमध्ये यावर सरळ तोडगा काढला: बादशहा शाहआलमच्या राजवटीचे १९ वे वर्षच नाण्यावर कायम ठेवले. नाणे जुने की नवे हेच कळेना, मग बट्टा कशावर लावणार? १८३५ मध्ये कंपनीच्या साऱ्या मुलखासाठी एकच रुपया आला, तोही याच सवयीने. वजन १८० ग्रेन, म्हणजे बरोबर एक तोळा, आजचे ११.६६ ग्रॅम. त्यात बारा भागांत अकरा भाग चांदी, शुद्ध धरली तर १०.६९ ग्रॅम.

म्हणून पुसट रुपयाचा काळ ठरवताना सन शेवटी पाहावा, आधी मुखवटा. उजवीकडे तोंड करून उघड्या डोक्याचा पुरुष म्हणजे चौथा विल्यम, १८३५. डावीकडे पाहणारी, मुकुट नसलेली तरुण राणी म्हणजे १८४०. त्यातही ‘व्हिक्टोरिया क्वीन’ ही अक्षरे डोक्यावरून सलग गेली असतील तर नाणे आधीचे; डोक्याच्या दोन बाजूंना तुटलेली असतील तर साधारण १८५० नंतरचे. मुकुटधारी राणी १८६२ पासून, आणि ‘क्वीन’च्या जागी ‘एम्प्रेस’ १८७७ पासून. शेवटची दोन अक्षरे उरली असली तरी एवढा निवाडा होतो. १८६२ च्या मुंबई टाकसाळीच्या रुपयांवर मागच्या बाजूला बारीक ठिपके आहेत. ते पाडल्याचे वर्ष मोजण्यासाठी होते असे संग्राहक मानतात आणि ठिपक्यांच्या संख्येवर भाव वेगळा लावतात. झिजलेल्या नाण्यात मात्र ठिपका आणि खड्डा यात गफलत होते, तेव्हा दहापट भिंगाखाली, दिवा अगदी आडवा धरून पाहावे. पातळ कागद ठेवून पेन्सिलीने हलके घासले तरी आकडा उमटतो.

पंचम जॉर्जच्या १९११ च्या रुपयावर राजाच्या गळ्यातील पदकाचा हत्ती डुकरासारखा दिसतो म्हणून ओरड झाली. नाणी परत घेतली गेली आणि १९१२ पासून सोंड नीट काढली. शेवटचा आकडा गेला असेल तर सोंडेवरून निकाल लागतो, अर्थात पदक शाबूत असेल तर.

१९४० पासून चांदी निम्मी झाली आणि कडेच्या दात्यांच्या मधोमध खाच आली. सन नसला तरी कड सांगते. १९४७ चा रुपया निकेलचा, लोहचुंबकाला चिकटतो. १९३९ चा दुर्मिळ, म्हणून त्या सनाची नकली नाणी उदंड.

किमतीचे गणित इजेवर ठरते. आपल्याकडे रुपयांना कडी डागून माळा केल्या. लमाण बायकांच्या दागिन्यांत ती नाणी अजून दिसतात. कडी काढली तरी डागकामाच्या धातूचा काळपट ठसा राहतो आणि तो धातू वजनही वाढवतो. सराफाच्या पारखीचा टोचा, भोक, कानस या सगळ्याने सर्वसामान्य सनाचे नाणे चांदीच्या भावावर येते. ०.०१ ग्रॅम दाखवणाऱ्या काट्यावर तोला: वापरातला रुपया बहुधा ११.२ ते ११.६ भरतो. त्याहून फार कमी भरला तर कड तासली असल्याची किंवा नाणे खोटे असल्याची शंका घ्यावी. चिंच किंवा रांगोळीने घासून चकचकीत केलेल्या नाण्याला जाणकार हातही लावत नाही, कारण वरचा मूळ थर गेलेला असतो. धूळ काढायची तर साधे पाणी, आणि न घासता टिपून घेणे.