स्टोमाभोवतीच्या त्वचेचा दाह

आतड्याचे तोंड शस्त्रक्रियेने पोटावर काढले की त्या तोंडाला स्टोमा म्हणतात. तात्पुरता स्टोमा आतडे पुन्हा जोडून बंद करतात. तोवर दोन-तीन महिने जातात, मध्ये केमोथेरपी आली तर सहा महिने किंवा अधिकही. या काळात स्टोमाभोवतीची कातडी लाल होणे, सोलवटणे आणि चरचरणे ही नेहमीची तक्रार आहे. स्टोमाला स्वतःला वेदना कळत नाही; आग होते ती कातडीची.

मोठ्या आतड्याच्या स्टोमापेक्षा (कोलोस्टोमी) लहान आतड्याच्या स्टोमात (इलिओस्टोमी) हा त्रास जास्त. लहान आतड्यातला मळ पातळ असतो आणि त्यातली पाचक विकरे अजून काम करत असतात, त्यामुळे ती कातडीवरही तुटून पडतात. १९५२ मध्ये ब्रिटिश शल्यविशारद ब्रायन ब्रुक यांनी आतड्याचे टोक उलटवून त्याची चोच करण्याची पद्धत मांडली, ती मळ कातडीवर न ओघळता थेट स्टोमावर लावलेल्या पिशवीत पडावा म्हणून. तात्पुरत्या लूप इलिओस्टोमीत, म्हणजे आतड्याचा वेढा बाहेर काढून केलेल्या स्टोमात, चोच बहुधा ठेंगणी आणि तोंड लंबगोल असते. मळ मग पिशवी कातडीला धरून ठेवणाऱ्या चिकट चकतीखाली शिरतो.

त्यामुळे मलम शोधण्याआधी गळती शोधावी. काढलेली चकती उलटी करून पाहिली की कोणत्या बाजूला ती भिजून विरघळली आहे हे लगेच दिसते. सूज उतरते तसा पहिले सहा-आठ आठवडे स्टोमा आकसत जातो, पण चकतीचे भोक मात्र जुन्याच मापाने कापले जात राहते! भोक स्टोमापेक्षा दोन-तीन मिलिमीटरच मोठे हवे. स्टोमा आत ओढला गेला असेल तर फुगीर चकती, कातडीला घडी असेल तर ती भरून काढणारे मऊ कडे (सील रिंग) उपयोगी पडते. पिशवी एक तृतीयांश भरताच रिकामी करावी.

कातडी साध्या पाण्याने धुऊन टिपून कोरडी करावी. तेलकट साबण, क्रीम आणि ओले वाइप्स टाळावेत, कारण त्यांवर चकती चिकटत नाही. ओलसर, सोललेल्या भागावर स्टोमा पावडर भुरभुरून जादाची झटकावी, वर बिनस्पिरिटची संरक्षक फिल्म फवारावी आणि ती वाळल्यावरच चकती लावावी. ही पावडर म्हणजे औषध नव्हे, ती फक्त ओल शोषते. १९५० च्या दशकात याच कामासाठी कांडोळाच्या झाडाचा कराया डिंक वापरात आला.

प्रत्येक लाली गळतीचीच असते असे नाही. नेमकी चकतीच्या आकाराची, कडा रेखीव असलेली लाली ॲलर्जीकडे बोट दाखवते. खाजरा पट्टा आणि त्याबाहेर विखुरलेले लाल ठिपके दिसले तर बहुधा बुरशी, तिला बुरशीविरोधी पावडर लागते. जांभळट काठाचा, झपाट्याने वाढणारा अतिशय दुखरा व्रण मात्र घरी हाताळू नये. तो पायोडर्मा गँग्रिनोझम हा त्वचारोग असू शकतो आणि खरवडल्यास आणखी पसरतो. दिवसाला दीड लिटरहून जास्त मळ जाऊ लागला तर कातडीआधी शरीरातल्या पाण्याची आणि मिठाची काळजी करावी लागते, म्हणून डॉक्टरांना लगेच कळवावे.

‘आता थोडेच दिवस राहिले’ म्हणून शेवटच्या आठवड्यांत हयगय होते. पण शल्यविशारद छेद घेतात तो याच कातडीत, आणि स्टोमा बंद केल्यावर त्या जागेच्या जखमेत जंतुसंसर्ग होणे ही नेहमीची गुंतागुंत आहे. चिघळलेल्या कातडीची माहिती म्हणूनच शस्त्रक्रियेची तारीख ठरतानाच द्यावी. आतडे जोडल्यावर काही आठवडे शौचाला वारंवार जावे लागते आणि तोच दाह गुदद्वाराभोवती सुरू होऊ शकतो. तिथे चकती चिकटवायची नसल्याने इतके दिवस वर्ज्य असलेले जाड क्रीम बिनधास्त लावता येते.