पार्श्वभूमी : मूल घरी टिकले, तरच पैसे

घरात सुरक्षित नसलेल्या मुलांची जबाबदारी इंग्लंडमध्ये स्थानिक कौन्सिलवर असते. मुलाला फोस्टर कुटुंबात, म्हणजे सांभाळ करणाऱ्या दुसऱ्या कुटुंबात, किंवा बालगृहात ठेवायचे आणि आठवड्याच्या दराने खर्च द्यायचा, ही तिथली रुळलेली पद्धत. मूल सावरले की नाही, याचा त्या बिलाशी काही संबंध नसे.

ही पद्धत बदलण्याचा विचार आला तो तुरुंगाच्या कामातून. पीटरबरो तुरुंगातून सुटणाऱ्या कैद्यांसाठी २०१० मध्ये पहिला सोशल इम्पॅक्ट बाँड निघाला. पैसे आधी खासगी गुंतवणूकदारांनी घालायचे. पुन्हा होणारे गुन्हे घटले, तरच सरकारने ते परत करायचे. तो बाँड उभा करणाऱ्या ‘सोशल फायनान्स’ या संस्थेनेच पुढे एसेक्स कौंटी कौन्सिलबरोबर हा विचार मुलांच्या सेवांत आणला.

एसेक्सचा करार २०१२ च्या अखेरीस झाला. गुंतवणूक सुमारे ३१ लाख पौंड. घर सुटण्याच्या बेतात असलेली सुमारे ३८० किशोरवयीन मुले. ‘ॲक्शन फॉर चिल्ड्रन’ या संस्थेचे थेरपिस्ट तीन ते पाच महिने त्यांच्या घरी जात. एकेकाकडे मोजकीच कुटुंबे, आणि रात्री घरात भांडण पेटले तरी फोन उचलायला कोणीतरी हजर. बहुतेक काम आईवडिलांबरोबर चाले : मुलगा रात्री परतला नाही तर काय करायचे, घातलेला नियम दुसऱ्या दिवशी मोडू कसा द्यायचा नाही. गुंतवणूकदारांना परत मिळणारे पैसे मात्र एकाच आकड्यावर ठरत. पुढच्या ३० महिन्यांत कौन्सिलच्या ताब्यातले किती दिवस वाचले, हे तशाच मुलांच्या जुन्या नोंदींशी ताडून पाहिले जाई.

हा आकडा मला अस्वस्थ करतो. काही मुलांचा जीव घर सोडल्यानेच वाचतो. मुलाला ताब्यात घ्यायचे की नाही, हे संस्थेच्या हाती नव्हते, कौन्सिल ठरवत होती, हे चांगलेच झाले. पण खर्च कमी व्हायला हवा होता तोही कौन्सिललाच.

ऑस्ट्रेलियात न्यू साउथ वेल्सने २०१३ मध्ये ७० लाख डॉलरचा ‘न्यूपिन’ बाँड काढला, तो मला जास्त विचारपूर्वक आखलेला वाटतो. तिथे आधीच घरापासून दूर ठेवलेली लहान मुले आईवडिलांकडे परत आणायची होती. ती परत जावीत का, हे बाल न्यायालय ठरवे, आणि वर्षभरात मुलाला पुन्हा घरातून काढावे लागले, तर ते यशातून वजा होई. पहिल्या वर्षी गुंतवणूकदारांना ७.५ टक्के परतावा मिळाला.

ब्रिटिश सरकारने २०१६ मध्ये ८ कोटी पौंडांचा ‘लाइफ चान्सेस फंड’ जाहीर केला. त्यानंतर अशा स्थानिक करारांत यश मिळाल्यावर द्यायच्या रकमेचा काही वाटा केंद्रातून मिळू लागला.